मित्राची ड्रॉपरची बाटली व्हेपमध्ये भरू नका

एका वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"ताई, मी ३८ वर्षांचा आहे. सिगारेट सोडून तीन वर्षं झाली. गेलं वर्षभर झोपेचं सगळं बिघडलंय. अकराला पडतो, अडीचच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडतं, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. माझा एक मित्र सीबीडी व्हेप करतो, त्याला बराच फरक पडलाय म्हणतो. त्याने मला त्याच्याकडची एक बाटली दिली आहे, ड्रॉपरवाली. तो तेच तेल व्हेपमध्ये भरतो. मी स्वतः घ्यायला गेलो तर डोकंच चक्रावलं. कार्ट्रिज, पॉड, डिस्पोजेबल, ५००, १०००, फुल स्पेक्ट्रम, आयसोलेट... मित्र म्हणतो, ज्यातला बुडबुडा हळू सरकतो ते कार्ट्रिज घे, तो माल अस्सल. मी राहतो तिथे हे सगळं कायदेशीर आहे. दोन गोष्टी सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती, तेव्हापासून वॉरफरिन चालू आहे. आणि कामावर अधूनमधून लघवीची तपासणी होते. 'घेऊ नकोस' म्हणणारे घरात पुष्कळ आहेत. तुम्ही फक्त कोणतं घेऊ ते सांगा."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. कोणतं घ्यायचं, कसं ओळखायचं, सगळं सांगते. पण आधी ती ड्रॉपरची बाटली व्हेपपासून, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या उपकरणापासून, लांब ठेवा. आजच. भरली असेल तर ते पॉड, म्हणजे व्हेपमधली लिक्विडची छोटी टाकी, टाकून द्या, धुऊन परत वापरू नका.

सीबीडी हा गांजाच्या झाडातला, नशा न आणणारा घटक. ड्रॉपरच्या बाटलीतलं सीबीडी हे जिभेखाली धरण्यासाठी किंवा गिळण्यासाठी केलेलं असतं. सीबीडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते खोबरेल तेलापासून काढलेल्या एमसीटी तेलात, कधी ऑलिव्ह, कधी हेम्पच्या (गांजाच्याच जातीचं, पण नशेचा घटक अगदी कमी असलेलं झाड) बियांच्या तेलात मिसळतात. पोटाला तेल पचवता येतं, त्यासाठी पित्त आहे, पाचक रस आहेत. फुप्फुसात यातलं काही नाही. तिथे तेलाचा बारीक तुषार पोचला की हवेच्या पिशव्यांत राहणाऱ्या पेशी तो गिळून टाकायला धावतात आणि गिळून गिळून तेलाने फुगून बसतात. सूज येते, श्वास तोकडा पडतो. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. तो एका दिवसात दिसेलच असं नाही. महिनोन्महिने नुसता खोकला राहतो आणि माणूस धुळीला, हवेला दोष देत बसतो. नाव एकच, सीबीडी, पण गिळायचं तेल वेगळं आणि व्हेपचं लिक्विड वेगळं. बाटलीवर 'टिंक्चर' किंवा 'ओरल' लिहिलं असेल, घटकांत कुठलंही तेल असेल, तर ती बाटली व्हेपची नाही.

आता बुडबुडा. कार्ट्रिज, म्हणजे लिक्विड आधीच भरून मिळणारी नळी, उलटं करायचं आणि आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते बघायचं, ही परीक्षा बरेच लोक करतात. लिक्विड जितकं घट्ट तितका अर्क जास्त, असा हिशेब. २०१९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत धडधाकट, तरुण माणसं श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ जण दगावले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातलं द्रव तपासलं, तेव्हा ४८ जणांच्या द्रवात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. त्वचेच्या मलमात असतं तेच. ते कार्ट्रिजमध्ये कशाला? तर भेसळ करणाऱ्याला अर्क पातळ करायचा होता, पण तो पातळ दिसायला नको होता. व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट स्वस्त, फिकट रंगाचं, जवळपास बिनवासाचं आणि मधासारखं घट्ट. ते घातलं की बुडबुडा छान सावकाश चढतो. तुमचा मित्र ज्याला अस्सलपणाची खूण समजतो, ती खूण त्या काळात चक्क भेसळीने तयार केली जात होती. त्यातली बहुतेक कार्ट्रिज टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची, आणि अनधिकृत मार्गाने आलेली होती हे खरं. पण बुडबुड्याला टीएचसी काय आणि सीबीडी काय, कळत नाही. खोली थंड असली तरी तो हळू चढतो.

तुम्ही पत्राच्या शेवटी 'सांगून ठेवतो' म्हणून ज्या दोन गोष्टी लिहिल्यात, त्यातली पहिली वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वॉरफरिन ही फार नाजूक तोलाची गोळी आहे. डोस किंचित जास्त झाला तर रक्तस्राव, किंचित कमी पडला तर पुन्हा गुठळी. म्हणून तर तुमचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं मोजमाप, वरचेवर तपासतात आणि तुमच्यासारख्यांचा तो साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. वॉरफरिनचा निचरा यकृतातली काही विकरं (एन्झाइम) करतात, त्यातलं मुख्य म्हणजे सीवायपी २सी९. सीबीडी या आणि अशाच इतर विकरांच्या कामात अडथळा आणतं. निचरा मंदावला की वॉरफरिन रक्तात साठत जातं. सीबीडीचं औषध सुरू केल्यावर वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाचा आयएनआर चढत गेला आणि वॉरफरिनचा डोस सुमारे ३० टक्क्यांनी उतरवावा लागला, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. तो डोस मोठा होता, डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता. तुमचे झुरके त्या मानाने किरकोळ असतील. पण गोळीचं मोजमाप असतं आणि झुरक्याचं नसतं. आज पाच, उद्या पंचवीस, परवा शून्य, असं झालं तर आयएनआर कशामुळे हलला हे तुमच्या डॉक्टरांनाही उमगणार नाही.

म्हणून, ज्या डॉक्टरांकडे तुमचा आयएनआर असतो त्यांना सीबीडीबद्दल सांगितल्याशिवाय एकही झुरका नाही, एकही थेंब नाही. लाजू नका. ते रागावतील असं वाटत असेल तर रागावू देत, पण त्यांना माहीत असू दे. आणि सुरू करायचंच ठरलं तर आधी एक आयएनआर, सुरू केल्यावर आठवड्याभरात दुसरा, अशा तपासण्यांची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. दात घासताना हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, काळपट शौच, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही.

त्याच भेटीत छातीतल्या धडधडीचाही विषय काढा. पायात गुठळी होऊन गेलेल्या माणसाला रात्री धडधडून जाग येते, तेव्हा ती काळजीपोटीच येते असं गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. फुप्फुसात गुठळी सरकलेली नाही ना, ठोक्यांची लय बिघडलेली नाही ना, हे बघितलं गेलं पाहिजे. झोपेत श्वास अडकणाऱ्यांनाही अशीच दचकून, धडधडत जाग येते. तुम्ही घोरता का, हे घरच्यांना विचारा. तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही. आणि धडधडीबरोबर धाप लागली, छातीत टोचलं किंवा पाय सुजला, तर ती रात्र घरात काढायची नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न.

माल निवडताना वेष्टनावरचा मोठा आकडा सगळ्यात शेवटी बघा, आधी त्याचा तपासणी अहवाल बघा. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. संशोधकांनी ३१ कंपन्यांची ८४ सीबीडी उत्पादनं ऑनलाइन विकत घेऊन तपासली. त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांवरच लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत होतं. सगळ्यात वाईट अवस्था व्हेपच्या लिक्विडची होती, २४ पैकी २१ बाटल्यांवरचा आकडा चुकीचा. ८४ पैकी १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. २०१९ मध्ये असोसिएटेड प्रेसने आधीच संशयाखाली असलेल्या ३० व्हेप उत्पादनांची तपासणी करून घेतली, तर १० मध्ये प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम नशेची रसायनं निघाली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे या धंद्यात फार झालं आहे.

अहवाल कसा बघायचा? वेष्टनावर क्यूआर कोड असतो, तो उघडला की अहवालाचं पान येतं. पुष्कळ जण इथेच समाधान मानतात, अहवाल आहे म्हणजे झालं. नाही. पहिल्यांदा बॅच क्रमांक बघा. तुमच्या हातातल्या डब्यावरचा आणि अहवालावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या बॅचचा अहवाल पुढच्या सगळ्या मालाला चिकटवणारे लोक असतात. मग प्रयोगशाळेचं नाव. ती कंपनीची स्वतःची नसावी आणि तिच्याकडे आयएसओ १७०२५ ही प्रयोगशाळांसाठीची आंतरराष्ट्रीय मान्यता असावी. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अहवाल क्रमांक टाकून तो खरा आहे का ते तपासता आलं, तर फारच उत्तम.

त्यानंतर सीबीडीचा आकडा, म्हणजे दर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम. आणि मग पुढची पानं, जी कोणी वाचत नाही. कीटकनाशकं, जड धातू, उरलेली द्रावणं. पहिल्याच पानावर सीबीडी-टीएचसीचा तक्ता देऊन अहवाल संपत असेल तर तो अर्धा अहवाल आहे. व्हेपसाठी मला तो चालणार नाही. गिळायच्या पदार्थात जे थोडंफार खपून जातं ते तापवून छातीत ओढताना खपत नाही. मायक्लोब्युटानिल नावाचं एक बुरशीनाशक पिकांवर मारतात. ते तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. हेम्पचं रोप जमिनीतले जड धातूही जोमाने शोषून घेतं, म्हणून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा या चारही ओळी अहवालात हव्यात. आणखी एक बारकी गोष्ट. काही कंपन्या पिंपातलं लिक्विड तपासतात, कार्ट्रिजमध्ये भरलेलं नाही. कार्ट्रिजमधल्या कॉइलमधून, म्हणजे तापणाऱ्या तारेतून, आणि डाकातून निकेल, क्रोमियम, शिसं लिक्विडमध्ये उतरू शकतं. भरलेल्या कार्ट्रिजचा अहवाल देणारी कंपनी मिळाली तर तीच धरा.

तक्त्यात 'एनडी' लिहिलं असेल तर तो घटक सापडला नाही. पण शेजारी सापडण्याची किमान मर्यादाही छापलेली असते, ती बघा. मर्यादाच ढिली असेल तर त्या 'एनडी'ला फारसा अर्थ उरत नाही.

तुमच्या कामावरच्या तपासणीने एक निवड सोपी करून टाकली आहे. फुल स्पेक्ट्रम तुमच्यासाठी नाही. त्यात झाडातले सगळे घटक असतात, थोडं टीएचसीही असतं. अमेरिकेत हेम्पसाठी कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे, इतर देशांत आकडे वेगळे. हे ऐकायला नगण्य वाटतं. पण लघवीची तपासणी सीबीडी शोधतच नाही, ती टीएचसीचे अवशेष शोधते, आणि ते चरबीत साठतात. एका छोट्या प्रयोगात ०.३९ टक्के टीएचसी असलेला, सीबीडीप्रधान गांजा व्हेप करायला दिला, तर सहापैकी दोघांची लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली. ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये टीएचसी काढून टाकलेलं असतं म्हणतात, पण 'काढून टाकलेलं' आणि 'अजिबात नाही' यात फरक असतो. तुम्ही आयसोलेट घ्या, म्हणजे फक्त सीबीडी, आणि तेही अहवालात टीएचसीसमोर 'एनडी' असलेलं. सगळे घटक एकत्र असले की जास्त गुण येतो, असं दुकानदार सांगेल. नोकरी पणाला लावावी इतका भक्कम तो दावा नाही. सीबीडीची फुलं तापवून ओढायचा पर्यायही याच कारणाने बाद.

घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. सीबीडी आयसोलेट, प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, बस्स. ग्लिसरीनमध्ये सीबीडी नीट विरघळत नाही, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असलेलं लिक्विड एकसारखं राहतं. घशाला मात्र ते थोडं बोचतं. बाटलीच्या तळाशी पांढरे कण दिसले तर घाबरू नका, ते सीबीडीचे स्फटिक असू शकतात. बंद बाटली कोमट पाण्यात धरली की विरघळतात. नाही विरघळले तर मात्र ती बाटली नको. यादीत व्हिटॅमिन ई, टोकोफेरॉल, एमसीटी किंवा कुठलंही तेल दिसलं की ठेवून द्या. फ्लेवर नकोच. लोण्याचा, कस्टर्डचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटाइल खाण्यात निरुपद्रवी आहे, पण ते हुंगून कारखान्यातल्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या होत्या. दालचिनीच्या स्वादाने श्वासनलिकेतली सूक्ष्म लव मंदावते. 'नॅचरल टर्पिन्स' (टर्पिन्स म्हणजे झाडातले वासाचे घटक) ही बिरुदावलीही मला आवडत नाही, कारण नैसर्गिक असलं तरी जास्त तापल्यावर त्यातून त्रासदायक वायूच निघतात.

आणि निकोटिन शून्य. हे बाटलीवर लिहिलेलं वाचा, दुकानदाराचं ऐकून घेऊ नका. मित्राचं उपकरण उसनं घेऊ नका, त्यात आधी निकोटिनचं लिक्विड भरलेलं असलं तर वातीत ते राहिलेलं असतं. तीन वर्षांची मेहनत आहे तुमची.

उपकरणांबद्दल फार लिहीत नाही. पुन्हा भरता येणारं पॉड घ्या, व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असं, आणि ते तळाच्या पायरीवर ठेवा. लिक्विड जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असली रसायनं तयार होतात. जळका वास किंवा चव आली की थांबा, वात कोरडी पडली आहे. डिस्पोजेबल घेऊ नका, आतलं दिसत नाही, तापमान हातात नाही आणि सगळ्यात जास्त बनवाबनवी तिथेच होते.

आता तो मोठा आकडा. १ मिलिलिटरच्या कार्ट्रिजवर '१००० मिलिग्रॅम सीबीडी' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. एक मिलिलिटर लिक्विडचं वजन एक ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे जवळपास १००० मिलिग्रॅम. मग त्यात दुसरं काही मावतंच कुठे? शुद्ध सीबीडी तर साध्या तापमानाला पांढरी भुकटी असते, सुमारे ६६ अंशांना वितळते. म्हणजे वाहतं लिक्विड आणि हा आकडा, दोन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत. असं कार्ट्रिज तिथेच ठेवून पुढे चला.

पण इथे मला तुमच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसायचं आहे, कारण घोडं खरं इथे पेंड खातं. समजा तुम्ही चांगली, अहवाल जुळणारी बाटली घेतली. १० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ५०. एका झुरक्यात साधारण ०.००५ मिलिलिटर लिक्विड उडतं, म्हणजे पाव मिलिग्रॅम सीबीडी. वीस झुरके घेतले तर ५ मिलिग्रॅम. ओढलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश रक्तात पोचतं, धरा दीड मिलिग्रॅम. आता दुसरी बाजू. चार लोकांपुढे बोलायच्या भीतीवर सीबीडीचे जे प्रयोग झाले, त्यात ३०० मिलिग्रॅमचा एक डोस तोंडाने दिला तेव्हा घबराट कमी झाली, १०० ने झाली नाही. तोंडाने घेतलेल्यातलं फार तर ६ टक्के रक्तात पोचतं, म्हणजे १८ मिलिग्रॅम. दीड आणि अठरा. वीस झुरक्यांनी मित्राला बरं वाटलं असेल, ते मी खोटं ठरवत नाही. संथ, लांब श्वास घेतल्यानेही माणूस निवतो, आणि व्हेप करताना माणूस नेमका तसाच श्वास घेतो.

शिवाय तुमची वेळ बघा. ओढलेलं सीबीडी काही मिनिटांत चढतं आणि दोन-तीन तासांत ओसरतं. तुम्ही अकराला घ्याल आणि अडीचला ते संपलेलं असेल, बरोबर तुमच्या जागं होण्याच्या वेळी. मग उशीजवळचं पॉड पुन्हा हातात येईल. अंधारात, जागेपणी, धडधड होत असताना हात तोंडाकडे नेऊन ओढायचं. तुम्ही सिगारेट सोडलेले आहात, ही हालचाल तुमच्या हाताला पाठ आहे. ती पुन्हा जागवू नका, ही माझी विनंती आहे. गिळलेल्या सीबीडीला चढायला एक-दोन तास लागतात, पण ते रात्रभराच्या कामाला जास्त साजेसं आहे, आणि स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर चार-पाच पट जास्त शोषलं जातं. वॉरफरिनची अट मात्र त्यालाही तशीच लागू. किंबहुना जास्तच, कारण तोंडाने घेतलेलं आधी यकृतातूनच जातं.

म्हणजे मला विचाराल तर क्रम असा. या आठवड्यात डॉक्टर, धडधड आणि आयएनआर दोन्हीसाठी. सगळं ठीक निघालं आणि झोप तरी मोडलेलीच राहिली, तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय म्हणतात ती, समुपदेशकाकडून करून घ्या. काही आठवड्यांचं काम असतं आणि डॉक्टर निद्रानाशावर आधी तीच सुचवतात. त्यात एक साधा नियम आहे, तो आज रात्रीपासून पाळता येईल. अडीचला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात दुसऱ्या जागी बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही, पेंग आली की परत यायचं. पहिले काही दिवस हे जिवावर येतं. आणि एवढं करून डॉक्टरांच्या परवानगीने सीबीडी बघायचंच असेल, तर आयसोलेट, तोंडाने, मोजून, रोज एकाच वेळी, म्हणजे आयएनआरला त्याचा माग काढता येईल. व्हेप माझ्या यादीत सगळ्यात शेवटी आहे. तरीही घ्यालच, तर वर लिहिलेल्या कसोट्यांवर उतरलेलं घ्या, त्याखालचं काही नको.

मित्राचं मात्र मनातून जात नाहीये. तुम्ही लिहिलंत की तो हेच ड्रॉपरचं तेल व्हेपमध्ये भरतो. किती महिने, ते लिहिलं नाही. त्याची बाटली परत द्यायला जाल तेव्हा त्याला खोकला आहे का ते विचारा. जिना चढताना पूर्वीपेक्षा धाप लागते का, अधूनमधून ताप येतो का, मळमळ, पोटदुखी, वजन उतरलंय का. यातलं काहीही असेल तर त्याने छातीच्या डॉक्टरांकडे जावं आणि तेल आणि उपकरण दोन्ही बरोबर न्यावं. व्हेप करतो हे आपण होऊन सांगावं, कारण डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतात आणि पुष्कळ जण तिथे 'नाही' म्हणून मोकळे होतात. त्याला काहीच त्रास नसेल तरी तेल भरणं आजपासून बंद. फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा.